फुईचं झारेच्चा

आमची फुई घाबरली की शुद्ध मराठी बोलायची. एरवी दिवसभर अहिराणीत घर डोक्यावर घेणारी ही बाई, पण एकदा का तिच्या तोंडून 'आहे', 'नाही', 'कृपया' असले शब्द यायला लागले की आम्ही समजायचो, काहीतरी भलतं झालंय. एकदा स्वयंपाकघरात साप निघाला. फुई ओट्यावर चढली आणि तिथून खणखणीत आवाजात म्हणाली, "सर्प हा सरपटणाऱ्या वर्गातील प्राणी आहे. तो विनाकारण दंश करीत नाही. कृपया कोणीतरी या." ते 'कृपया' ऐकल्याबरोबर माझे वडील काठी घेऊन धावले. मीही धावलो, फक्त उलट्या दिशेला.

फुई म्हणजे आत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमचं गुजर शेतकऱ्यांचं घर, मूळ तापीकाठचं. वडिलांनी तळोद्याला खतं-बियाण्यांचं दुकान टाकलं आणि आम्ही तळोद्याचे झालो. फुई जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवायची. साहेब तपासणीला आले की पुस्तकी भाषा बोलायची आणि साहेबांना ती फार भ्यायची, तेव्हा ती भाषा आणि ती भीती तिच्या आत एकत्रच नांदायला लागली असावी. लग्न केलं नाही. का म्हणून कोणी विचारलंच तर "स्थळ उनं व्हतं, पन त्या गावले रस्ताच नव्हता" असं सांगून मोकळी व्हायची. सुट्टी लागली की ती आमच्याकडेच असायची, निवृत्तीनंतर कायमची राहायला आली. गाव तिला भूगोलबाई म्हणायचं. घरात लहानथोर सगळ्यांची ती फुई.

भीती हा तिचा मूळ स्वभाव आणि चतुःसीमा हा त्यावरचा उतारा. घरातलं कोणीही परगावी निघालं की फुई दारात आडवी. "जासू म्हनस ना? चतुःसीमा सांग, मंग जाय." पूर्वेला काय, पश्चिमेला काय, उत्तरेला, दक्षिणेला काय, हे सांगितल्याशिवाय पाऊल बाहेर पडायचं नाही. तिचं म्हणणं, ज्या गावच्या चार बाजू ठाऊक आहेत तिथं माणूस हरवत नाही. मी मात्र हरवलो. आठ वर्षांचा असताना सारंगखेड्याच्या यात्रेत वडिलांचं बोट सुटलं. पोलिसमामांनी विचारलं, "बाळ, तू कुठं उभा होतास?" मी शिकवल्याबरहुकूम सांगितलं, "पूर्वेला घोडे, पश्चिमेला घोडे, उत्तरेला घोडे, दक्षिणेला घोड्यांचा दाणा." त्यावरून त्यांना काही पत्ता लागेना. फुईनं मात्र ते ऐकून माझी पाठ थोपटली. "दाना बरोबर सांगा यानी," म्हणाली.

माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा फुईनं स्वयंपाकपाणी, शिवणटिपण काही विचारलं नाही. मुलीच्या गावाच्या चतुःसीमा विचारल्या. मुलीनं त्या घडाघडा म्हणून दाखवल्या आणि वर म्हणाली, "आता तुमच्या मुलाला विचारा तळोद्याच्या." घामाघूम होऊन मी गुजरात पूर्वेला नेऊन ठेवला. ती मुलगी, भारती, आज माझी बायको आहे आणि तो पूर्वेचा गुजरात मला अजून अधूनमधून पानात वाढला जातो.

आमच्या मुलीचं, तेजलचं, गाडं मात्र फुईच्या चतुःसीमेबाहेर गेलं. बारावीनंतर इथं मेडिकलला नंबर लागला नाही, म्हणून आमच्या भागातली दोन-चार मुलं जिथं गेली होती तिथं, बेलारूसला, तिनंही जायचं ठरवलं. फुईनं आपला जुना ॲटलास काढला. त्यात तो देश नव्हताच. सगळीकडे जुन्या सोव्हिएत रशियाचा एकच गुलाबी रंग पसरलेला. "देशच नही शे रे आठे!" ती ओरडली. मग मी मोबाइलवर दाखवला तेव्हा तिनं त्या गुलाबी रंगात पेनानं सीमा आखली आणि खाली पाहिलं तर शेजारच्या देशात लढाई. त्या दिवसापासून फुई रोज सकाळी अंगठ्यानं अंतर मोजायची. लढाई एक अंगठाभर लांब असली की चहा घ्यायची. अर्ध्या अंगठ्यावर आली की म्हणायची, "आज चहा नको. पित्त वाढले आहे." शुद्ध मराठीत.

तेजल तिसऱ्या वर्षाला होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती तिकडेच राहिली आणि एक दिवस तिचा फोन आला. "फुई, मी पंधरा दिवस नास्त्याच्या पणजीकडे चाललेय." नास्त्या म्हणजे तिची वर्गातली मैत्रीण. "छोटंसं खेडं आहे. झारेच्चा."

"झारेच्या काय?"

"झारेच्चा."

"आवं हां, पन झारेच्या काय? पुढे काय शे?"

"पुढं काही नाही फुई, नाव एवढंच."

"मंग नाव अर्धंच ठेयेल शे."

तेजल हसून हसून बेजार. म्हणाली, त्या नावाचा अर्थ नदीच्या पलीकडचं. "पारगाव म्हन ना मंग," फुईला जरा बरं वाटलं. तिनं चतुःसीमा विचारल्या. तेजल म्हणाली, तिथं गेल्यावर सांगते, पण रेंज नसते म्हणे, काळजी करू नका, आम्ही जंगलात मश्रूम वेचायला जाणार आहोत. आणि फोन कटला.

दोन दिवस फुईनं कळ काढली. तिसऱ्या दिवशी ती दुकानात येऊन माझ्यासमोर बसली. "काढ ते झारेच्चा." मी नाव टाकलं. नकाशावर एक ठिपका उगवला, देशाच्या पार दक्षिणेला. त्याच्यावर एक मजकूरही सापडला, रशियन भाषेतला. मोबाइल तो मराठीत करून दाखवत होता, पण ते मराठी असं की वाचूनच काटा यावा. 'स्थानिक लोकसंख्या: अनुपस्थित,' असं पहिल्याच ओळीत.

मी वाचत गेलो आणि फुई ऐकत गेली. लहानशी नदी. नदीला लागून दलदल, दलदलीपलीकडे पाइनचं जंगल. दोन गल्ल्यांचं गाव, लाकडी घरं, विहिरीवर लांब दांडा. जुन्या महायुद्धात शिपाई आले, माणसं धान्याच्या कोठारात कोंडली आणि कोठार पेटवून दिलं. जे वाचले त्यांनी पुन्हा घरं बांधली, सफरचंदं लावली, शाळा काढली. पुढं शेजारच्या देशातली अणुभट्टी फुटली. वाऱ्याबरोबर धूळ आली. ती दिसत नव्हती, तिला वास नव्हता. एक दिवस बसगाड्या आल्या. तीन दिवसांसाठी चला, असं लोकांना सांगितलं. नंतर घरं खड्ड्यात ढकलून वर माती टाकली. मोबाइलनं लिहिलं होतं, 'गावाला मूठमाती देण्यात आली.' जंगल बंद. आणि शेवटी सूचना, की तिथल्या मश्रूममध्ये ते विष अजून आहे.

फुईनं चष्मा काढला. काउंटरवर ठेवला. म्हणाली, "हे गाव अस्तित्वात नाही."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती आमच्याकडे बघायला लागली.

"आपली मुलगी," फुई म्हणाली, "अस्तित्वात नसलेल्या गावी गेलेली आहे."

त्यानंतरचे दिवस फोन लावण्यातच गेले. तेजलचा फोन लावला की एक बाई रशियनमध्ये काहीतरी सांगायची. ती रेकॉर्ड केलेली बाई आहे हे भारतीला माहीत होतं, तरी दहाव्या वेळी ती तिलाच म्हणाली, "ताई, जरा बघा ना, तुमच्याकडेच कुठंतरी असेल." ज्या माणसानं तेजलची ॲडमिशन करून दिली होती त्याला मी फोन केला. तो म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ, तिकडे सगळं सेफ आहे." मी विचारलं, "झारेच्चा सेफ आहे का?" तो म्हणाला, "काका, आम्ही कॉलेज देतो, गाव नाही देत." वकिलातीला मी इंग्रजीत पत्र लिहिलं, की माझी मुलगी जे गाव नाही त्या गावात गेली आहे, तरी शोध घ्यावा. उत्तर आलं नाही. असल्या पत्राला मीही दिलं नसतं.

वडील गेल्यापासून घरातला कर्ता पुरुष मीच, म्हणून मी सगळ्यांना धीर देत होतो. धीर देऊन झाला की मागच्या गोदामात जाऊन युरियाच्या गोण्यांवर बसत होतो. डोळे मिटले की तेजल टोपली घेऊन जंगलात वाकलेली दिसायची. साप असता तर निदान दिसला असता. न दिसणाऱ्या गोष्टीला माणसानं भ्यावं तरी कसं, कुठल्या बाजूला पळावं? एकदा तिथं फुई आली. माझ्या शेजारच्या गोणीवर बसली आणि म्हणाली, "तुला भीती वाटते आहे काय?" मी म्हटलं, "छे." ती म्हणाली, "मलाही नाही." आणि आम्ही दोघं बराच वेळ तिथं न घाबरता बसलो. तिचा हात माझ्या हातावर होता. 

फुईनं आणि मी तिथंच ठरवलं, की पोरीचा आवाज ऐकू आला की त्याच दिवशी तिला परत आणायचं. डॉक्टर नाही झाली तरी चालेल. "शिक्षण अर्धवट राहिले तरी मनुष्य जगतो," फुई म्हणाली.

पाचव्या दिवशी दुपारी आमच्या टेम्पोवाल्याचा फोन आला. ठिबकच्या नळ्या पोचवायला त्याला सकाळी पाठवलं होतं आणि पावतीवर मी नुसतंच 'धानोरा' लिहिलं होतं. फोन स्पीकरवर होता.

"भाऊ, कोनतं धानोरं?"

"अरे धानोरा, धानोरा!"

"भाऊ, खानदेशमा धानोरा पैशाले पासरी शेतस. नंदुरबारवालं का ते दुसरं? मी दुसराम्हा यी बठेल शे."

मी त्याला शिव्या घालायला तोंड उघडलं, तेवढ्यात फुई खुर्चीवरून उठली. तिचा चेहरा असा झाला होता, की तिला काही होतंय की काय असं मला वाटलं.

"आरे," ती म्हणाली, "कोनतं पारगाव?"

दोन दिवसांनी तिच्या तोंडून अहिराणी निघाली होती.

"मन्ही मतीच गई ना रे! आख्खी जिंदगी पोरेसले इचारत ऱ्हायनी, कोनतं धानोरं, कोनतं पिंपळगाव. आन् घरनी पोर पारगावले गई, तं कोनतं म्हनीसन इचारं नही!" आणि तिनं खरोखर आपल्या गालावर चापट मारून घेतली.

मी पुन्हा शोधलं. नदी तिथं पलीकडचा काठ, आणि पलीकडचा काठ तिथं झारेच्चा. उत्तरेला झारेच्चा, पश्चिमेला झारेच्चा, एका तालुक्यात दोन-दोन झारेच्चा. मोजता मोजता माझं बोट दुखलं. मी आनंदानं नाचायचाच बाकी होतो. भारतीनं मात्र विचारलं, "म्हणजे आता एका गावाऐवजी एवढ्या सगळ्या गावांची काळजी करायची?" नाच राहून गेला. तेजल त्या पुरलेल्या गावी नसेलच असं नव्हतं. नक्की कुठं आहे तेच आता माहीत नव्हतं. आदल्या दिवसापर्यंत भीतीला निदान पत्ता तरी होता.

सहाव्या दिवशी सकाळी व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर तेजल, उन्हानं रापलेली, मागं भलंमोठं तळं. "सॉरी सॉरी, रेंजसाठी टेकडीवर यावं लागतं!" गाव देशाच्या उत्तरेला होतं, त्या धुळीपासून कितीतरी लांब. भारती रडायला लागली. मी ओरडलो. "तिकीट काढतोय. सामान भर. बस झाली डॉक्टरकी!"

"पप्पा? काय झालं?"

"काय झालं विचारतेस? इथं आम्ही मेलो!"

तेजलचा चेहरा उतरला. तीनच वर्षं राहिली आहेत, असं काय करता, म्हणत ती रडू लागली. मी ऐकेना. तेवढ्यात मागून कोणीतरी तिच्या हातातून फोन घेतला आणि पडद्यावर एक म्हातारी आली. डोक्याला फुलांचा रुमाल, तोंडात तीनच दात. नास्त्याची पणजी. ती काहीतरी बोलली. तेजल नाक पुसत सांगू लागली, "आज्जी विचारतेय, घरात सगळ्यात जास्त कोण घाबरलं होतं?"

फुईनं माझ्या हातातून फोन काढून घेतला. "मी. आनि हाऊ मन्हा भाचा."

मग त्या दोघी बोलत बसल्या, मधे तेजल. पणजी म्हणाली, तीही भित्री आहे, म्हणून दार उघडं ठेवते, पळायला सोपं जातं. फुई हसली. मग तिनं तिच्या सवयीनं विचारलं, "पारगाव म्हनता, पन कोनता गावथून पार? नदीना आथा कोनतं गाव शे?"

म्हातारीनं फोन फिरवून दाखवला. नदीच्या अलीकडे नुसतं गवत होतं, गुडघाभर, आणि एक दगड. युद्धात ते गाव जाळलं. ही तेव्हा चार-पाच वर्षांची. आई तिला घेऊन दलदलीत गळ्याइतक्या पाण्यात उभी राहिली होती, तिच्या तोंडावर हात ठेवून. मग जे उरले ते पलीकडे नातेवाइकांकडे जाऊन राहिले.

फुईनं फोन डोळ्यांजवळ नेऊन ते गवत पाहिलं. "म्हनजे ज्या गावनं हाई पारगाव, ते गावच ऱ्हायनं नही," ती हळूच म्हणाली. आणि मग तिनं जे सांगितलं ते आम्हाला, तिच्या घरच्यांना, कधी सांगितलं नव्हतं. सातपुड्यातल्या ज्या पाड्यावर तिनं नऊ वर्षं शिकवलं, तो धरणाच्या पाण्याखाली गेला एवढं आम्हाला ठाऊक होतं. फुई त्या म्हातारीला म्हणाली, "आखरी दिनले मी शाळाना फळा पुसा. दुसरा दिनले पानीखाले जानारा फळा. काबर पुसा, माले आजूनबी समजस नही."

तेजलनं ते तिकडच्या भाषेत कसं सांगितलं कोण जाणे. म्हातारीनं मान डोलावली. तेजल म्हणाली, "फुई, आज्जी म्हणतेय, पळायच्या आधी तिच्या आईनं चूल विझवली होती. घराला आग लागू नये म्हणून."

 तिकडं वाऱ्यानं गवत हलत होतं, तेवढं दिसत होतं.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "आता तिकिटाचं बघतो." फुईनं चष्मा पुसला. "काही गरज नही."

"फुई, तूच म्हणाली होतीस!"

"मी भीस, ते मन्हं मी देखी लिसू. पोरले कशाले परत बलावस?"

"आणि तिला काही झालं तर?"

"तं होई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका बारीक झाला की मला खाली वाकून ऐकावं लागलं. "आठे राहीसनबी व्हस. त्या पाडावरल्या पोरी कोठे जायेल नव्हत्या, घरमाच व्हत्या, तरी पानी उनं. माले भीती वाटस म्हनीसन पोरनी जिंदगी बंद करू का?"

तेजल तिकडेच राहिली. त्यानंतरही फुईचा अंगठा रोज सकाळी ॲटलासवर फिरत होता, चहा कधी मिळायचा, कधी राहायचा. ती सुधारली असं काही झालं नाही. महिन्यातून एकदा नास्त्या पणजीकडे गेली की टेकडीवरून फोन यायचा आणि दोन म्हाताऱ्या एकमेकींना आपापली दुखणी सांगायच्या. मधे तेजल नसली तरी त्यांचं अडत नसे. फुई अहिराणीत बोलायची, ती तिच्या भाषेत, आणि दोघी योग्य जागी "हां" म्हणायच्या.

पुढच्या वर्षी भाद्रपदात फुई गेली. दोन दिवसांचा ताप, जास्त काही नाही. तेजलची परीक्षा होती. तिला यायला जमलं नाही आणि ये म्हणायचं नाही हे फुईनं माझ्याकडून आधीच वदवून घेतलं होतं.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी मी दुकान आवरत होतो, तेव्हा तेजलचा फोन आला. ती नास्त्याबरोबर झारेच्चाला गेली होती आणि त्या दिवशी घरातही कशीबशी रेंज येत होती. तिकडे त्या दिवसांत पितरांना जेवू घालतात, आपल्यासारखंच. टेबलावर पानं मांडतात, खिडकी किलकिली करतात आणि घरातलं वडीलधारं माणूस एकेकाला नावानं हाक मारतं. "पप्पा, आज्जीनं फुईसाठी पण पान वाढलंय," ती म्हणाली. "पण हाक खऱ्या नावानं मारायची असते. फुईचं खरं नाव काय?"

 मला लाज वाटते सांगायला, पण क्षणभर मला ते आठवेना. पन्नास वर्षं मी तिला फुई म्हणत आलो होतो. मग आठवलं. "जमना."

तेजलनं ते म्हातारीला सांगितलं. पलीकडे भांड्याचा आवाज झाला, खिडकी करकरली. मग त्या तीन दातांच्या तोंडानं, थंडीत, अंधाऱ्या नदीकडे बघून असेल, मोठ्यानं हाक मारली. "याम्ना! याम्ना!"

मी तळोद्यात काउंटरमागे उभा होतो, हातात कुलूप. तुम्हाला हसू येईल, पण मी चटकन वळून दाराकडे बघितलं. आधी भीती वाटली, की येते की काय. रस्त्यावर कोणी नव्हतं, एक जीप डोंगराकडे निघून गेली. मग दुसरी भीती वाटली आणि ती अजून गेलेली नाही, की ती हाक ऐकून फुई तिकडंच गेली असेल.